एकाच धुनेची ध्वनिमुद्रणं जमवायची तर: ‘एल मानिसेरो’च्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे: ‘एल मानिसेरो’ ऊर्फ ‘द पीनट व्हेंडर’ ही क्युबन धून इतकी आवडली की दिसेल ती आवृत्ती साठवत गेलो. आता वीस-पंचवीस झाल्या आहेत. बहुतेक एमपी३, थोड्या एलपी, दोन ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या) तबकड्या. त्यातल्या खरोखर वेगळ्या किती, हेच कळेनासं झालंय. संग्रह पुढे कसा वाढवावा आणि कसा लावावा?

वाढवणं थोडं थांबवा आणि आहेत त्या आधी नीट ऐका. या धुनेची दीडशेहून अधिक ध्वनिमुद्रणं झाल्याचं सांगितलं जातं. ती सगळी मिळवायच्या मागे लागलात तर फाइलींचा ढीग होईल आणि कान लवकरच बधिर होतील. एका धुनेचा संग्रह करण्यात रस आहे तो वेगळ्याच कारणासाठी. धून तीच राहते, त्यामुळे तिच्याभोवतीचं जे जे बदलतं ते स्वच्छ ऐकू येतं: ठेका, वाद्यं, भाषा, ध्वनिमुद्रणाचं तंत्र, समोर नाचणारी माणसं. म्हणून हातात आलेल्या प्रत्येक आवृत्तीला मी पहिला प्रश्न एकच विचारतो. हा माणूस हे कोणाचं ऐकून गातोय, किंवा वाजवतोय?

एकच चीज दोन घराण्यांत ऐकताना आपण गायकाचं वय विचारत नाही, तालीम कोणाची ते विचारतो. इथेही तसंच करा. नुसती सालवारी लावली तर १९३०ची एक तबकडी आणि १९३१ची दुसरी शेजारी शेजारी बसतील आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही हे कळणारच नाही. उलट १९३० आणि १९४७ यांच्यात सरळ नातं असू शकतं.

माझ्या मते या धुनेच्या मुख्य शाखा तीन आहेत, आणि तुमच्याकडच्या बहुतेक फाइली त्यातल्या एकीवर बसतील.

पहिली शाखा रीटा मोंतानेरची. मोइसेस सिमोन्स हा हवानाचा संगीतकार, जन्म १८८९. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्यांवर गाणी रचायची क्युबात जुनी रीत आहे. अशा गाण्याला ‘प्रेगोन’ म्हणतात. सिमोन्सने शेंगदाणे विकणाऱ्याची आरोळी घेतली आणि ती ‘सोन’ या क्युबन नाचगाण्याच्या ठेक्यावर बसवली. रीटा मोंतानेरने ते गाणं कोलंबिया कंपनीसाठी गायलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत त्या मुद्रणाचं साल १९२७ दिलं आहे. रीटा हवानाजवळच्या गुआनाबाकोआची. रीतसर शिकलेला गळा आणि रंगभूमीवरचा वावर. त्याच १९२७ साली हवानाच्या तेआत्रो रेहिना या नाट्यगृहात ‘निन्या रीता’ या संगीतिकेत ती गाजली होती. तिचं ‘एल मानिसेरो’ ऐकताना हे लक्षात ठेवा. ती विक्रेत्याचं सोंग उभं करते. आरोळी लांबवते, शब्द खेळवते, गिऱ्हाइकांकडे बघून गाते. वाद्यमेळ तिच्या मागे चालतो.

या शाखेतला पुढचा दुवा बोला दे निएवे, म्हणजे इग्नासिओ विया. तोही गुआनाबाकोआचाच, एके काळी रीटाचा साथीदार, आणि ‘बोला दे निएवे’ हे नाव त्याला तिच्यामुळेच चिकटलं. तो पियानोवर बसून एकटा गातो. ताल धरायला दुसरं कोणी नाही, तरी ठेका कुठे सुटत नाही. आवाज खरखरीत, जवळजवळ बोलल्यासारखा. संग्रहात ही आवृत्ती नसेल तर नवी कुठलीही घेण्याआधी ती मिळवा. रीटा आणि बोला पाठोपाठ ऐकले की पहिल्या शाखेची ओळख पटते. गाणं हे इथे नाट्य आहे, आणि शेवटी विक्रेता ‘मी निघालो’ म्हणत दूर जातो ते खरोखर दूर गेल्यासारखं वाटतं.

दुसरी शाखा डॉन आस्पियासूची. तुमच्या यादीत याचंच नाव सगळ्यात जास्त वेळा येत असणार. हुस्तो आंखेल आस्पियासू आपला हवाना कॅसिनो ऑर्केस्ट्रा घेऊन न्यूयॉर्कला गेला. २६ एप्रिल १९३० रोजी ब्रॉडवेवरच्या पॅलेस थिएटरात त्यांचा कार्यक्रम झाला, आणि गायक आंतोनिओ माचीन शेंगदाण्याची गाडी ढकलत रंगमंचावर आला. माराकास (खुळखुळे), क्लावे (एकमेकींवर आपटायच्या दोन काठ्या), बाँगो (छोटे जोडढोल), गुइरो (घासून वाजवायचा भोपळा) ही वाद्यं एवढ्या मोठ्या अमेरिकन प्रेक्षकांपुढे पहिल्यांदाच वाजत होती. १३ मे १९३० रोजी व्हिक्टर कंपनीने हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकडी क्रमांक २२४८३. लेबलवर ‘रुम्बा फॉक्स ट्रॉट’ छापलं आहे. प्रत्यक्षात ते सोन-प्रेगोन आहे. क्युबातली खरी रुम्बा म्हणजे ढोल आणि आवाजांचा निराळाच प्रकार. अमेरिकन कंपनीला विकायला सोपं नाव हवं होतं. पुढे जगभर हाच ठसा चालला, म्हणून तुमच्या यादीत ‘प्रकार’ असा रकाना केलात तर लेबलवर काय लिहिलंय ते एकीकडे आणि प्रत्यक्ष काय वाजतंय ते दुसरीकडे, अशा दोन नोंदी ठेवा.

आस्पियासूची तबकडी १९३१च्या सुरुवातीला अमेरिकेत धुमाकूळ घालत होती. तिथून जे पीक आलं ते जवळजवळ सगळं या दुसऱ्या शाखेचं. नाचगृहासाठी तयार केलेली धून, वाद्यमेळ पुढे, गायक मधल्या भागात. या तबकडीबद्दल एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आस्पियासूच्या वाद्यमेळात गोरे आणि काळे वादक एकत्र होते आणि माचीन स्वतः कृष्णवर्णीय होता. १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये एकाच रंगमंचावर हे दृश्य सहज दिसणारं नव्हतं.

आता कानाची परीक्षा. क्लावेचा ठेका हाताने धरायला शिका. दोन मात्रापट्ट्यांत पाच ठोके, एका पट्टीत दोन आणि दुसरीत तीन. आस्पियासूच्या तबकडीबरोबर टेबलावर हा ठेका धरला की तो शेवटपर्यंत बसतो. मग १९३१च्या आसपासच्या एखाद्या अमेरिकन वाद्यमेळाबरोबर तोच ठेका धरून पाहा. बऱ्याचदा थोड्या वेळात तुमचा हात अडखळेल, कारण त्यांनी ढोलकऱ्याला सरळ चार मात्रांचा फॉक्स ट्रॉट वाजवायला लावलाय आणि वर नुसते माराकास हलवलेत. ही परीक्षा मी प्रत्येक नव्या आवृत्तीवर करतो. कोण क्युबन तबकडी मन लावून ऐकून बसलाय आणि कोणी नुसता छापील स्वरलेख समोर ठेवलाय, ते यातून लगेच कळतं.

छापील स्वरलेखाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कच्या एडवर्ड बी. मार्क्स कंपनीने ही धून प्रसिद्ध केली आणि इंग्रजी शब्द लिहिले मॅरियन सनशाइन आणि एल. वुल्फ गिल्बर्ट यांनी. मॅरियन सनशाइन ही आस्पियासूच्या भावाची बायको. त्या शब्दांतला शेंगदाणेवाला पार बदललेला आहे. हवानाच्या गल्लीतला, रात्री झोपायच्या आधी पुडी घ्या म्हणून विनवणारा माणूस नाहीसा झाला आणि प्रवाशाला आवडेल असा रंगीत विक्रेता आला. म्हणून इंग्रजी शब्दांची आवृत्ती आली की ती बहुतेक छापील स्वरलेखावरून आली आहे असं धरून चाला आणि नंतर तपासा.

लुई आर्मस्ट्राँगची आवृत्ती मात्र या चौकटीत बसत नाही. २३ डिसेंबर १९३० रोजी लॉस एंजेलिसला त्याने ती ओके कंपनीसाठी केली, म्हणजे आस्पियासूची तबकडी नुकतीच गाजायला लागलेली असताना. आर्मस्ट्राँगला स्पॅनिश येत नव्हतं. तो अर्धेमुर्धे स्पॅनिश वाटणारे शब्द आणि आपलं निरर्थक अक्षरांचं गाणं एकत्र करून पुढे जातो. लोक याला गंमत म्हणून ऐकतात. मला त्यात एका मोठ्या कलावंताचं ऐकणं दिसतं. शब्द कळले नाहीत तरी आरोळीचा सूर त्याने बरोबर पकडलाय, आणि ट्रम्पेट घेतल्यावर तीच आरोळी तो पितळेतून देतो. १९३१मध्ये ड्यूक एलिंग्टन आणि रेड निकोल्स यांनीही ती केली. या तिघांना ओळीने ऐका. जॅझवाल्यांना या धुनेत काय सापडलं ते समजेल. अख्खं गाणं दोन स्वरसंगतींच्या झोक्यावर उभं आहे आणि तो झोका कुठेच थांबत नाही. वर काहीही मांडायला मोकळी जागा मिळते.

तिसरी शाखा अमेरिकन जॅझ वाद्यमेळाचा नायक स्टॅन केंटन याची, आणि तिच्यावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण नवे संग्राहक तिला नुसती ‘आणखी एक आवृत्ती’ समजून पुढे जातात.

केंटनने ही धून डिसेंबर १९४७मध्ये कॅपिटल कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. महिना विसरू नका. १ जानेवारी १९४८पासून अमेरिकन वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली होती, त्यामुळे १९४७चे शेवटचे आठवडे सगळ्या कंपन्या रात्रंदिवस तबकड्या भरत होत्या. त्या घाईत ही एक निघाली. केंटनने त्याआधी न्यूयॉर्कमध्ये माचीतोचा आफ्रो-क्युबन वाद्यमेळ ऐकला होता आणि तो इतका भारावला की त्याच वर्षी त्याच्या वाद्यमेळाने ‘माचीतो’ नावाची रचनाच वाजवली. आणि ‘पीनट व्हेंडर’च्या मुद्रणाला त्याने माचीतोकडचेच तालवादक बोलावले. माराकास खुद्द माचीतोच्या हातात आहेत. म्हणजे तालाच्या बाजूने हे मुद्रण सरळ क्युबन आहे आणि पितळी वाद्यांच्या बाजूने थेट केंटनचं. गाणं नाहीच. आरोळी ट्रम्पेटांच्या वाट्याला आली, आणि ते ट्रम्पेट एकमेकांना मुद्दाम टोचणारे, न जुळणारे स्वर लावून शेवटाकडे अक्षरशः किंचाळतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मुद्रण बिघडलंय असं वाटतं. ते तसंच हवं आहे. विक्रेता गल्लीतून निघून जाण्याऐवजी अख्खी गल्लीच ओरडायला लागते.

पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकातली शाळा-कॉलेजांची बँडपथकं, नाइटक्लबांचे वाद्यमेळ, ‘लॅटिन’ नावाखाली निघालेल्या स्वस्त एलपी ऐकल्या तर त्यात वारंवार आस्पियासू नाही, केंटन ऐकू येतो. ओळखायची खूण सोपी: ट्रोम्बोनांची जड सुरुवात आणि शेवटी ट्रम्पेटांची टोचणी. ती खूण सापडली की फाइल तिसऱ्या शाखेत टाका. क्युबाच्याच पेरेस प्रादोचा मॅम्बो (तिथल्या नाचसंगीताचा आणखी एक प्रकार) वेगळा ठेवा. त्याचं पितळ कर्कश आहे, पण ते आपल्या घरून आलेलं आहे. गायिका अनिता ओ’डेची आवृत्ती मात्र कुठे ठेवायची यावर अजून माझं मन ठरत नाही. आवाज पुन्हा पुढे आला आहे. अशा दोन शाखांच्या मधल्या आवृत्त्यांसाठी वेगळा कप्पा करा आणि तो रिकामा करण्याची घाई करू नका.

या तीन शाखांच्या बाहेर एक मोठा प्रवाह आहे, आणि बऱ्याच संग्रहांत तो अजिबात दिसत नाही: आफ्रिका. १९३३पासून हिज मास्टर्स व्हॉइसने व्हिक्टरच्या लॅटिन तबकड्या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत ‘जीव्ही’ मालिकेतून विकायला सुरुवात केली. दोनशेच्या वर तबकड्या निघाल्या आणि आस्पियासूचा शेंगदाणेवालाही त्यांतून तिकडे पोचला. काँगो नदीच्या दोन्ही काठांवर, लिओपोल्डव्हिल आणि ब्राझव्हिलमध्ये, लोकांनी त्या झिजेपर्यंत ऐकल्या. क्युबन तालाची मुळं आफ्रिकेतच होती, तेव्हा तिकडच्या कानांना हे परकं वाटलंच नाही. सुरुवातीला स्थानिक गायक स्पॅनिशसारखी वाटणारी अक्षरं गात, मग लिंगाला या तिथल्या भाषेत गाऊ लागले आणि पियानोचं काम गिटारवर आलं. काँगोलीज रुम्बा उभी राहिली ती या मातीवर. संग्रहात जीव्ही मालिकेची एक तरी तबकडी, निदान तिचं डिजिटल रूप, ठेवा आणि शेजारी पन्नाशीच्या दशकातलं एखादं काँगोलीज गिटारवादन ठेवा. ते ‘एल मानिसेरो’ नसलं तरी चालेल.

यावरून तुमच्या मनात येईल की धून ‘तीच’ कुठपर्यंत मानायची. माझा नियम असा: आरोळीची उतरती ओळ आणि खालचा दोन स्वरसंगतींचा झोका, दोन्ही असतील तर ती आवृत्ती. एकच असेल तर उसनवारी. उसनवारीचीही यादी करा, पण वेगळ्या वहीत. चित्रपटांतले तुकडे तिथे जातील. १९३१च्या ‘द क्युबन लव्ह साँग’ या चित्रपटात लॉरेन्स टिबेट हे गाणं पुरतं गातो, ती आवृत्ती. १९५४च्या ‘अ स्टार इज बॉर्न’मध्ये ज्युडी गार्लंड जो तुकडा गाते, ती उसनवारी.

आता तुमचा खरा त्रास: किती वेगळ्या आणि किती त्याच. सगळ्यात आधी नावांवरचा विश्वास सोडा. लेबलांवर ‘मानिसेरो’च्या दोन-तीन वेगळ्या स्पेलिंग आहेत, फ्रेंच आणि इंग्रजी नावं आहेत, संगीतकाराचं आडनाव कुठे सिमोन्स, कुठे सिमोन, कुठे सिमन्स. त्या काळी स्वस्त लेबलं एकच मुद्रण टोपणनावाने विकत. एलिंग्टनचाच वाद्यमेळ ‘द जंगल बँड’ आणि ‘द हार्लेम फूटवॉर्मर्स’ अशा नावांनीही तबकड्यांवर आहे. आणि आज ऑनलाइन सेवांवर एकच मुद्रण वेगवेगळ्या संग्रहांच्या नावाखाली दहा-बारा वेळा सापडतं.

खात्रीचा पुरावा म्हणजे मॅट्रिक्स क्रमांक. लेबलाच्या आसपासच्या गुळगुळीत भागावर तो कोरलेला असतो आणि शेजारी कितवा प्रयत्न याची खूण असते. कॅटलॉग क्रमांक विक्रीसाठी असतो आणि देशागणिक बदलतो. मॅट्रिक्स त्या प्रत्यक्ष मुद्रणाचा असतो. एकाच मॅट्रिक्सचे दोन प्रयत्न बाजारात आलेले असू शकतात, आणि मग ती दोन वेगळी मुद्रणं धरायची. तबकडी हातात नसेल तर सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अमेरिकन ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांचा कोश बघा. व्हिक्टर, कोलंबिया, ओके, ब्रन्सविक यांच्या नोंदी तिथे तारखेसकट मिळतात.

फक्त फाइल असेल तर ऑडासिटीसारख्या मोफत प्रणालीत दोन फाइली एकाखाली एक ठेवा. पहिला ठोका जुळवा आणि शेवटाकडे जा. तिथेही ठोके जुळले तर मुद्रण एकच. शेवटी हळूहळू सरकले असतील तरी घाई करू नका, वेगातला फरक असू शकतो. ७८च्या तबकड्यांचा नेमका वेग अमेरिकेत मिनिटाला ७८.२६ फेरे आणि ५० हर्ट्झ विजेच्या देशांत ७७.९२ फेरे असा होता. हा फरक कानाला कळत नाही, पण डिजिटल रूप करणाऱ्याने यंत्र चुकीच्या वेगाने फिरवलं असेल तर कळतो. सुमारे ६ टक्के फरक म्हणजे अर्धा स्वर. एखादी फाइल पियानोच्या कुठल्याच पट्टीत बसत नसेल तर वेग बिघडला आहे असं समजा, आधी तो सुधारा आणि मगच तुलना करा.

माचीनबद्दल विशेष सावध राहा. तो १९३९मध्ये स्पेनला गेला, तिथे मोठा झाला आणि १९७७मध्ये माद्रिदला वारला. स्पेनमध्ये त्याने हे गाणं पुन्हा गायलं. कितीतरी संग्रहांवर ते ‘मूळ ध्वनिमुद्रण’ म्हणून छापतात. ओळखणं अवघड नाही. आवाज वयस्क आणि मऊ, वाद्यं स्वच्छ, मागे तबकडीची खरखर नाही. आवृत्ती सुंदर आहे, जरूर ठेवा, पण तिच्यावर १९३० लिहू नका.

यादीत प्रत्येक आवृत्तीसमोर मी हे लिहितो: ध्वनिमुद्रणाची तारीख आणि प्रसिद्धीची तारीख वेगवेगळी, ठिकाण, लेबल, कॅटलॉग आणि मॅट्रिक्स क्रमांक, गायक, भाषा, पट्टी, लांबी, सुरुवात कोणत्या वाद्याने, शेवट कसा. आणि सर्वांत शेवटी ‘कोणाचं ऐकून’, पेन्सिलीने. हा शेवटचा रकाना बदलत राहतो. माझ्याकडे तो सगळ्यात जास्त खोडलेला आहे आणि तोच सगळ्यात उपयोगी आहे.

तुमच्या दोन ७८च्या तबकड्या एलपीच्या सुईने वाजवू नका. त्यांच्या खोबणी रुंद असतात, सुमारे ३ मिलची (इंचाच्या तीन हजारांशाची) सुई लागते. एलपीची सुई खोबणीच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर उचलते. जुन्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने वाजवायचा मोह आवरा, प्रत्येक वेळी थोडं ध्वनिमुद्रण खरवडून निघतं. धुताना अल्कोहोल चुकूनही वापरू नका, शेलॅक, म्हणजे तबकडीतली लाख, विरघळतो. ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं, पुरेसं आहे. उभ्या ठेवा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात कागदी पाकिटं बुरशी धरतात. दसऱ्याच्या सुमारास सगळी पाकिटं एकदा उघडून वारा द्या. या तबकड्यांमधली लाख बहुतांशी आपल्याकडूनच, छोटा नागपूरच्या जंगलातून, जगभर जात होती.

शोधायचं कुठे? ऐकण्यासाठी इंटरनेट आर्काइव्हचा ७८ तबकड्यांचा मोठा संग्रह आहे, आणि एकाच तबकडीचं वेगवेगळ्या सुयांनी केलेलं रूपांतर तिथे ऐकता येतं. क्युबन माहितीसाठी मायामीच्या फ्लोरिडा आंतरराष्ट्रीय विद्यापीठातला दियास आयाला संग्रह. क्रिस्तोबाल दियास आयाला यांनी आयुष्य घालवून तयार केलेली क्युबन तबकड्यांची सूची तिथे खुली आहे. ‘एल मानिसेरो’वर काम करणाऱ्याने सुरुवात तिथून करावी. परदेशातून प्रत्यक्ष तबकडी मागवणार असाल तर विकणाऱ्याला आधी विचारा की दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावून, पेटीत पेटी घालून पाठवणार का. शेलॅक वाकत नाही, सरळ तुटतो.

आपल्याकडे मुंबईच्या चोरबाजारात इंग्रजी नाचगाण्यांच्या तबकड्यांचा ढीग अजून दिसतो. हिंदी चित्रपटगीतांना भाव असल्यामुळे या ढिगाकडे फारसं कोणी वळत नाही. लेबलावर ‘रुम्बा’ हा शब्द दिसला की बाजूला काढा. मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था प्रामुख्याने भारतीय ध्वनिमुद्रिकांची, पण मॅट्रिक्स वाचणं आणि लेबलांचा काळ ठरवणं तिथल्या माणसांकडून शिकण्यासारखं आहे.

आणि चोरबाजारात उभे असताना सी. रामचंद्रांची आठवण ठेवा. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी लॅटिन संगीत किती मन लावून ऐकलं होतं! १९५०च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ एडमंडो रोसच्या ‘चिको चिको’वरून आलं, आणि १९५१च्या ‘अलबेला’त माराकास आणि बाँगो खणखणीत वाजतात. त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याच्या हळदोण्याचे आंतोनिओ झेवियर वाझ, ट्रम्पेट घेऊन होते, आणि त्यांचा आदर्श लुई आर्मस्ट्राँग. ‘एल मानिसेरो’ची मराठी किंवा हिंदी आवृत्ती मिळेल या आशेने शोधू नका. पण उसनवारीच्या वहीत एक पान मुंबईसाठी ठेवा आणि चाळिशी-पन्नाशीच्या दशकांतली चित्रपटगीतं ऐकताना टेबलावर क्लावेचे पाच ठोके धरून पाहा. कुठल्या गाण्यात हात अडखळत नाही ते लिहून ठेवा.

संग्रह इतरांना ऐकवायचा असेल तर कायद्याचं थोडं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे १९६०च्या आधी प्रसिद्ध झालेली मुद्रणं इथे मोकळी आहेत. सिमोन्स १९४५मध्ये वारला, म्हणून मूळ धूनही मोकळी. इंग्रजी शब्दांचं वेगळं आहे. गिल्बर्ट १९७०पर्यंत हयात होता, तेव्हा ते शब्द २०३० संपेपर्यंत हक्काखाली आहेत असं धरून चाला. अमेरिकेतला हिशोब निराळा आहे. १९३०ची आस्पियासूची तबकडी तिथे २०३१च्या सुरुवातीला मोकळी होईल. म्हणून फाइली तिकडच्या कुठल्या सेवेवर चढवण्याआधी थांबा.

आत्तासाठी काम एवढंच: तुमच्या पंचवीस फाइलींतून रीटा, आस्पियासू आणि केंटन बाजूला काढा, उरलेल्या प्रत्येकीला या तिघांपैकी कोणाशी तरी जोडून पाहा. ज्या जुळणार नाहीत त्यांची नावं, लेबलं आणि लांबी मला पाठवा. पुढचा शोध त्यांच्यापासून सुरू करू.